साळुंक्या कुठं झोपायला गेल्या

लोक काशीला जातात, गिरनारला जातात, हल्ली दुबईलाही जातात. मी कुर्डुवाडीला गेलो, आणि तेही साळुंक्या कुठं झोपतात ते बघायला. गावात हे कळलं तेव्हा शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणाला, "भाऊ, बरं आहे ना तुमचं?"

माझं बरं होतं. बरं नव्हतं ते बायकोचं.

मालन, माझी बायको, मूळची कुर्डुवाडीची. वडील तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. माझा चुलता रेल्वेत होता, त्याने हे स्थळ आणलं, आणि ज्वारी-शेंगदाण्यावर वाढलेली ही मुलगी गुहागरच्या बाजूला आमच्या नारळी-पोफळीत येऊन पडली. मासे खायला शिकली, साफ करायलाही शिकली. भाजीत खोबरं मात्र तिने कधी मनापासून घातलं नाही. आमचं घर उतारावर आहे. रस्त्यापासून खाली घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. यंदा आषाढात त्या पाखाडीवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात फिरू लागली. पण तिला वर रस्त्यावर आणायचं म्हणजे चार माणसं आणि एक खुर्ची लागते.

आमचा मुलगा विनय पुण्याला असतो. तो म्हणाला, "दोघेही माझ्याकडे चला. आता कायमचेच. लिफ्ट आहे." लिफ्ट आहे हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की मला त्या लिफ्टचा राग यायला लागला.

मला जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार समजणार नाही. मी ज्या घरात जन्मलो त्याच घरात आजवर झोपलो. नोकरी एस.टी.त, वाहतूक नियंत्रकाची, तीही घरून जाऊन-येऊन करण्यासारख्या स्टँडवर. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, आपण जागचे हललो नाही. तेव्हा पुण्याचा निर्णय मी मोठ्या मनाने मालनवर सोपवला, कारण ती नाही म्हणेल याची मला खात्री होती.

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, "आधी तुम्ही कुर्डुवाडीला जाऊन या. आमच्या स्टेशनाबाहेर पिंपळ होता, त्याच्यावर साळुंक्या झोपायच्या. अजून झोपतात का बघा. मला फोनवर ऐकवा. मग मी काय ते सांगते."

हा पिंपळ मी लग्नापासून ऐकत आलोय. संध्याकाळी हजारो साळुंक्या तिथं उतरायच्या आणि अंधार पडेपर्यंत असा कालवा करायच्या की क्वार्टरमधल्या बायका एकमेकींशी खुणांनी बोलायच्या. वर्कशॉप सुटून वडील घरी येण्याची तीच वेळ. मग एकाएकी सगळं गप्प. तो गोंगाट ऐकत मालन लहानाची मोठी झाली. आमच्याकडे पाखरं संध्याकाळी रानात शिरतात ती कुठं जातात, काही कळत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती दिवेलागणीला अंगणात उभी राहायची आणि विचारायची, "इथली पाखरं झोपतात कुठं?" मी म्हणायचो, "घरट्यात. आणखी कुठं?"

गणपती उरकले. विनय आठ दिवसांची रजा काढून आईजवळ राहायला आला, आणि मी निघालो.

कुर्डुवाडी

एस.टी.च्या प्रवासाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मी घरचा माणूस.

घाट चढून देशावर आलं की पहिल्यांदा जाणवतं ते आभाळ. आमच्याकडे आभाळ म्हणजे माडांच्या झावळ्यांमधून दिसतं तेवढं. इकडे ते चारी बाजूंनी थेट जमिनीला टेकलेलं. पाऊस नुकताच होऊन गेलेला, काळ्या रानात तूर गुडघ्याएवढी झालेली, आणि बांधावर कुठंतरी एखादंच लिंबाचं झाड. आमच्याकडे लिंब म्हणजे सरबताचा. इकडे कडुलिंबाला लिंब म्हणतात, हे मालनने मला लग्नाच्या आठवड्यात शिकवलं होतं.

कुर्डुवाडीत मालनची थोरली बहीण राहते. सगळ्यांची आक्का. नवरा वर्कशॉपमध्येच होता, तो वारून बरीच वर्षं झाली. मुलगी सोलापुरात दिलेली. आक्का एकटी दोन खोल्यांच्या घरात राहते आणि सत्तरी उलटली तरी अख्ख्या गल्लीवर तिचा वचक आहे. मीही सत्तरीत आलोय, पण तिच्या लेखी मी अजून लग्नातला जावई.

"या पावणं," ती दारात म्हणाली. "लई वाळलाय की. मालन खायला घालती का न्हाय?"

"तिलाच आता खायला घालावं लागतं, आक्का."

"घाला की मग. आजवर तिनं घातलं." आणि पाणी आणायला आत गेली.

जेवायला कडक भाकरी होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीची पातळ भाकरी भाजून पार वाळवलेली, पापडासारखी. महिनाभर टिकते. वर शेंगदाण्याची चटणी, लाल, तेल सुटलेली, आणि घट्ट दही. मालन वर्षातून एकदा हा सगळा ऐवज माहेराहून आणायची आणि आम्हाला हातही लावू देत नसे. मी मोठ्या उत्साहाने पहिला घास मोडला, आणि माझ्या कवळीचा एक दात त्या भाकरीतच राहिला.

आक्काने तो दात चिमटीत धरून उजेडात पाहिला. "नारळ फोडणारी माणसं तुमी," ती म्हणाली, "एका भाकरीला हरलाव." मग उरलेल्या भाकरीचा चुरा करून दह्यात भिजवून दिला. पुढचे तीन दिवस मी लहान मुलासारखं तेच खाल्लं, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत काही जेवलो नव्हतो.

संध्याकाळी स्टेशनाकडे निघालो. आक्काही चप्पल घालून बरोबर आली. रस्ताभर ही बाई गप्प, आणि ती गप्प असते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं हे मला कळायला हवं होतं.

स्टेशनाबाहेर पिंपळ नव्हता. रिक्षा होत्या, चहाचा गाडा होता, भज्यांचा वास होता. एका बाजूला जमिनीबरोबर कापलेला रुंद बुंधा होता आणि त्याच्यावर कुणीतरी मोटारसायकल लावली होती.

"आक्का, पिंपळ?"

"पडला की. झाली दोन वरसं. वळवाच्या वादळात आडवा झाला."

"आणि हे मला फोनवर सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी म्हणला येतोय, म्या म्हणलं या."

"साळुंक्यांचं काय झालं?"

"पडला त्या दिशी लई कालवा केला बगा. तारंवर, पत्र्यावर, जागा मिळंल तितं बसल्या. चार-आट दिस तसंच. मग गेल्या. कुटं गेल्या, कुणाला ठावं."

मी त्या बुंध्याजवळ उभा राहिलो. वर नुसतं आभाळ होतं. पुण्याची गाडी लागली होती आणि माणसं पिशव्या घेऊन पळत होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मालनच.

"पोचलात ना स्टेशनावर? ऐकवा की."

आता काय सांगणार? माहेरचं म्हणून जे काही तिच्यात उरलं होतं त्यातलं निम्मं त्या झाडावर होतं. ती तिकडे खाटेवर बसलेली, पाय उशीवर ठेवलेला. मी म्हणालो, "आज इथं पाऊस आहे गं. बाहेरच पडलो नाही."

"पाऊस?" ती म्हणाली. "बरं. उद्या जा मग."

फोन ठेवल्यावर मला तिची इतकी आठवण आली की लाज वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात माहेरी जायची ती, मागे राहायचो मी. संध्याकाळी परक्या गावात मी, आणि ती घरी, असं कधी झालंच नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत ती दर दिवाळीनंतर इथं यायची तेव्हा मी तिकडे ओटीवर बसून काय करायचो ते मला आठवेना. बहुतेक हेच करत असणार, वाट बघत.

आक्का चहावाल्याशी बोलून आली. "खोटं कशाला बोलला?" एवढंच म्हणाली.

आक्काचं अंगण

परक्या अंथरुणात मला झोप येत नाही. पहाटे उठून अंगणात आलो तर तुळशीच्या कट्ट्यामागे साळुंकीचं एक पिल्लू बसलेलं. शेपटी आखूड, डोकं मळकट तपकिरी, चोचीच्या कडा पिवळ्या आणि सगळं अंग फुगवलेलं. आक्काच्या दारावरच्या पत्र्याखाली एका भगदाडातून गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. मी हिशोब केला: घरटं वर, पिल्लू खाली, म्हणजे पडलं. भिंतीवर शेजारचा बोका टपलेलाच. मी क्षणभरही विचार न करता पिल्लू उचललं.

उचलल्यावर आठवलं. आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, आणि घाटावरही सांगतात: पाखराच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की त्याला परत जातीत घेत नाहीत. टोचून मारतात. आता हे पिल्लू माझ्या ओंजळीत बसून माझ्याकडे बघत होतं, त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, आणि त्याचं आयुष्य मी एका क्षणात वाटोळं केलं होतं.

"आक्का," मी हाक मारली, "खोकं आहे का एखादं? आणि थोडा दूधभात. याला आता आपल्यालाच वाढवायला लागणार."

आक्का पदराला हात पुसत आली. तिने पिल्लाकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. विजेच्या तारेवर दोन साळुंक्या गळा फुगवून नुसत्या तडतडत होत्या.

"त्याची आई तुमाला शिव्या घालतीया," ती म्हणाली. "ठिवा तितंच."

"अहो पण हात लागला माझा. घेणार नाही ती त्याला."

"कोन म्हणलं? म्या धा येळा बोक्याच्या तोंडातनं काडून ठिवल्यात. ठिवा त्या जास्वंदीत, आनि आत या. तुमी हुबं हाय तवर ती खाली कशी ईल?"

जास्वंदीच्या दाट फांदीत पिल्लू ठेवलं. आक्काने बोक्याला झाडू फेकून मारला. आम्ही दोघं खिडकीच्या आत बसलो. मला विश्वास नव्हता. तारेवरची एक साळुंकी कट्ट्यावर उतरली, मान वाकडी करून खिडकीकडे बघून घेतलं, आणि उडून गेली. मी म्हणालो, "बघा. गेली." आक्का लसूण सोलत राहिली. मग ती परत आली, चोचीत एक नाकतोडा. जास्वंदीत शिरली. आतून पिल्लाचं जे खरखर ओरडणं सुरू झालं ते ऐकून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. डोळे भरून आले म्हणा ना. एका साळुंकीसाठी.

"पण घरट्यातून पडलं कसं?" मी विचारलं.

"पडलं कशाला? निगालं. परवा एक निगालं, काल दोन निगाली, ह्ये शेवटचं. आता म्हैनाभर आईबापाच्या मागं मागं हिंडतंय, मागून खातंय, बगून बगून शिकतंय."

"आणि रात्री परत वर घरट्यात?"

आक्काने लसूण बाजूला ठेवला आणि माझ्याकडे जरा कीवेने पाहिलं. "घरट्यात कशाला झोपंल? घरटं अंडी-पिल्लांपुरतं. पोरं निगाली की आईबाप बी तितं झोपत न्हाईत. आदी झुडपात, मग पंखात जोर आला की थव्यासंगं. वरचं भगदाड बगा जाऊन. रिकामं हाय."

मी स्टूल घेऊन खरंच बघितलं. गवत, प्लॅस्टिकचा तुकडा, सापाची कात. आत कुणी नव्हतं. आणि मी मालनला अंगणात उभं राहून काय उत्तर दिलं होतं ते आठवलं.

बार्शी

आक्काला बऱ्याच गोष्टी माहीत असतात, आणि माहीत नसतात त्याही ती तेवढ्याच ठामपणे सांगते. दुपारी तिने जाहीर केलं की साळुंक्या बार्शीला गेल्या असणार. का? तर तिथं धान्याचा बाजार मोठा. "दाना जितं, पाखरू तितं." मला पटलं. दोघं एस.टी.ने बार्शीला गेलो.

बार्शीचा बाजार बघण्यासारखा आहे. उडदाची आवक चालू होती, पोत्यांच्या थप्प्या, हवेत भुसा, हमालांच्या डोक्यावर पोती आणि तोंडात एकमेकांच्या आयांची विचारपूस. आमच्याकडे तांदूळ घरात येतो आणि घरातच संपतो. एवढं धान्य एका जागी मी पाहिलेलं नव्हतं. आक्काने लगेच शेंगदाण्यांचा भाव केला, नापसंत केला, आणि मूठभर खाऊन पुढे निघाली.

संध्याकाळी बाजाराजवळच्या एका बोगनवेलीवर कलकलाट सुरू झाला. आक्का विजयी मुद्रेने म्हणाली, "ह्या बगा. लावा फोन."

"आक्का, या चिमण्या आहेत."

"साळुंक्या बी असतील आत."

"एकही नाही."

"लांबनं ऐकताना काय कळतंय तिला?"

मी फोन हातात घेतलासुद्धा. चिमण्याही लोभस झोपतात, हे कबूल करायला हवं. एकमेकींना ढकलत, जागेवरून भांडत, आमच्या मुक्कामाच्या गाडीत बाकासाठी भांडणाऱ्या बायकांसारख्या. पण मालनला चिमणी आणि साळुंकी कळणार नाही? आणि एकदा फसवलं ते पुरे होतं. मी फोन खिशात ठेवला. आक्का परतीच्या गाडीत माझ्याशी बोलली नाही. चिमण्यांचं तिला लागलं होतं.

त्या संध्याकाळी मालनचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "उद्या ऐकवतो. नक्की." ती म्हणाली, "पाऊस थांबला वाटतं." त्यात चिडवणं होतं की काय, मला कळलं नाही.

माढ्याच्या वाटेला

तिसऱ्या दिवशी मी आक्काचं ऐकायचं नाही असं ठरवलं आणि माझं जुनं डोकं चालवलं. मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी आडगावात जाऊन तिथंच रात्र काढणारी, कुठं जाते हे शोधायला तिच्यामागे धावायचं नसतं. शेवटच्या फाट्यावर उभं राहायचं. ती आपसूक समोरून जाते.

ऊन उतरल्यावर आम्ही गावाबाहेर माढ्याच्या रस्त्याला एका फाट्यावर जाऊन उभे राहिलो. आक्का मैलाच्या दगडावर बसली आणि तोंड फिरवून बसली. आधी काही नाही. मग दोन साळुंक्या, सरळ रेषेत, डावीकडे. मग पाच. मग एका शेतातून उठलेला पंधरा-वीसांचा थवा, तोही डावीकडे. कुणी रेंगाळत नव्हतं. आक्का हळूच वळली आणि बघू लागली.

"सगळ्या तिकडंच चालल्यात की, पावणं."

"मग मी काय सांगतोय?"

आम्ही बैलगाडीच्या वाटेने डावीकडे निघालो. काळ्या चिखलाने चपला जड झाल्या. आमची लाल माती पायाला लागते आणि धुतली की जाते, ही माती माणसाला धरून ठेवते. एका ठिकाणी माझी चप्पलच आत राहिली. आक्काने काठीने उकरून काढली आणि हसली, म्हणजे चिमण्यांचा राग गेला होता.

पुढे एक वस्ती लागली. दोन पत्र्याची घरं, गोठा, आणि मागे उसाचा फड, माणसाच्या दुप्पट उंच. विजेच्या तारा काळ्या झाल्या होत्या इतक्या साळुंक्या बसलेल्या. गोठ्यात एक बाई म्हशीची धार काढत होती. इंदूबाई तिचं नाव, ते मागाहून कळलं.

"कोन पायजे?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"साळुंक्या," आक्का म्हणाली.

"कुनाच्या?"

"कुनाच्या न्हाईत. झोपत्यात कुटं ते बगायला आलोय. ह्ये आमचं पावणं, कोकणातनं आल्यात."

"फकस्त त्याच्यासाटी?"

"व्हय."

इंदूबाईने धार थांबवून मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "हितंच झोपत्यात. उसात. बसा, च्या करते. कानात बोटं घालायची तयारी ठिवा."

चहा येईपर्यंत तारांवरची गर्दी वाढतच गेली. त्यात यंदाची पिल्लं ओळखू येत होती, मळकट डोक्याची, अजून चोच उघडून मागणारी, आईबाप दुर्लक्ष करताहेत आणि ही त्यांच्या मागे सरकताहेत. त्यांनी पिंपळ पाहिलाच नव्हता. त्यांच्या आधीच्या वर्षीच्यांनीही नाही.

"पिंपळ पडल्यापासून इथं येतात का?" मी इंदूबाईला विचारलं.

"पिंपळाचं मला ठावं न्हाय. दोन वरसं झाली येत्यात. आदी त्या वरच्या फडात व्हत्या. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी आली, त्यो फड तुटला, मग खालच्या फडात गेल्या. औंदा ह्या फडात."

"आणि हा तुटला की?"

"जातील दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं?"

"आता ऊस काय आमचाच हाय व्हय?" ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

सूर्य टेकला आणि ते सुरू झालं. मालन म्हणायची ते खोटं नव्हतं, उलट कमीच होतं. तारेवरचे थवेच्या थवे उसावर ओतले गेले. शेंड्याच्या पात्यावर बसायचं, पातं वाकायचं, घसरून आत शिरायचं, आतून दुसरी ढकलून बाहेर काढायची. किलबिल, शिट्ट्या, घरघर, भांडणं. आक्का माझ्याशी काहीतरी बोलत होती आणि मला तिचे फक्त ओठ दिसत होते. मी फोन लावला. "ऐक," असं ओरडलो आणि हात लांब करून फोन उसाकडे धरला.

हात दुखायला लागला तरी धरून ठेवला. उशिरा एक जोडी आली, मागे एक पिल्लू, ते शेंड्यावर उतरताना दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पातं धरलं आणि आत गेलं. ते आक्काच्या अंगणातलं नव्हतं, ते अजून जास्वंदीतच असणार. तरी मी त्याला मनातून शाबासकी दिली. अंधार दाटत गेला तसा आवाज उतरत गेला. मग एकाएकी, कुणीतरी सांगितल्यासारखं, सगळं गप्प. फक्त वाऱ्याने उसाची पाती एकमेकांवर घासत होती.

फोन कानाला लावला. पलीकडे मालनचा श्वास ऐकू येत होता.

"ऐकलंस?"

"व्हय," ती म्हणाली. माहेरचं काही निघालं की तिच्या तोंडात अजून तीच भाषा येते. मग म्हणाली, "ऊस हाय न्हवं? पिंपळाचं पान असं वाजत न्हाय."

मी म्हणालो, "मालन, अगं तो पिंपळ..."

"पडला. ठाऊक आहे मला. पडला त्याच आठवड्यात आक्काने सांगितलं."

मी आक्काकडे वळून पाहिलं. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत भलतीकडेच बघत होती.

"मग मला कशाला पाठवलंस? एवढं लांब, आणि वर पावसाचं खोटं बोलायला लावलंस."

"ते तुमचं तुम्ही बोललात." ती हसली. मग म्हणाली, "मी एकोणिसाव्या वर्षी आपली जागा सोडून तुमच्याकडे आले. पहिलं वर्षभर झोप नव्हती मला. मग लागली. आता पुन्हा जायचं तर मला काही वाटत नाही, मला ते येतं. तुम्हाला येत नाही. विनय पुण्याचं बोलला त्या दिवसापासून तुम्ही रात्री उठून ओटीवर जाऊन बसताय. तुम्हाला वाटतं मला कळत नाही. मी नाही म्हणेन म्हणून माझ्यावर टाकलंत ना? आणि मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, आणि मी त्या पाखाडीच्या वर पुन्हा कधी आले नसते."

ऊस आपला वाजत होता.

"म्हणून म्हटलं, एकदा बघून या," ती म्हणाली. "मी सांगून तुम्हाला पटलं नसतं. झोपल्या का सगळ्या?"

"झोपल्या."

"लहान पण?"

"ती पण."

"मग विनयला सांगते मी. दिवाळी इथं करू, मग जाऊ."

गोठ्यापाशी दोन बायका बघत होत्या, म्हणून मी फोन घेऊन उसाकडे तोंड केलं. पलीकडून तिचा आवाज आला, यावेळी हळू. "तुम्हाला झोप लागेल ना तिकडं?"

"तू असशील ना शेजारी?" मी विचारलं.

"मग काय उसात जाऊ झोपायला?" मालन म्हणाली.